चुंबक उजवीकडे, चित्र वर

बेडशाला मामाच्या घरी कृष्णधवल टीव्ही होता, सरकत्या दारांच्या लाकडी खोक्यातला. फाटलेल्या स्पीकरमागचं चुंबक मामानं मला खेळायला दिलं होतं. चानकीएवढं, मधे भोक असलेलं, काळं आणि जड. एकदा संध्याकाळी मंडळी शेतावरून यायची होती, बातम्या चालू होत्या, आणि मी ते चुंबक टीव्हीच्या उजव्या अंगाला, खोक्याला टेकवून धरलं. चुंबक ओढतं किंवा ढकलतं, एवढं मला ठाऊक होतं. म्हणजे चित्र एक तर चुंबकाकडे, उजवीकडे सरकेल, नाही तर डावीकडे पळेल. यातलं काहीच झालं नाही. बातम्या सांगणाऱ्या बाईंचा चेहरा वर ताणला गेला. उजवा गाल जास्त, डावा कमी. चुंबक पालथं करून धरलं, तर चेहरा खाली ओघळला. उजवं-डावं त्या चित्राला माहीतच नव्हतं.

ते चुंबक अजून माझ्याकडे आहे. त्या संध्याकाळी पडद्यावर जे दिसलं, त्याच्या मागचं बल निसर्गातलं फार वेगळं बल आहे असं मला वाटतं, आणि ते समजून घ्यायला मावळासारखी जागा नाही. कामशेतला थांबणारी लोणावळा लोकल, घाटाखालचं खोपोलीचं वीजघर आणि बेडशाचा लेण्यांचा डोंगर, तिन्हींत त्याचा हात आहे.

आधी टीव्हीचं बघू. त्या जुन्या नळीच्या मागच्या निमुळत्या गळ्यात एक तापलेला तुकडा असे. त्यातून इलेक्ट्रॉन सुटत आणि दहा-पंधरा हजार व्होल्टच्या ओढीनं पडद्याकडे धावत. त्यांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास पाव भरतो. म्हणजे ओटीवर बसून टीव्ही बघणाऱ्या माणसाच्या दिशेनं इलेक्ट्रॉनांची एक बारीक धार सरळ येत असे, आणि ती काचेवर जिथे आदळे तिथे ठिपका उजळे. मी चुंबक उजवीकडे धरलं तेव्हा त्याचं क्षेत्र उजवीकडून डावीकडे, आडवं पसरलं. धार माझ्याकडे येणारी, क्षेत्र आडवं, आणि बल मात्र दोन्ही सोडून तिसऱ्याच दिशेला: वर किंवा खाली.

घराच्या कोपऱ्याकडे बघा. जमिनीलगतच्या दोन कडा तिथे काटकोनात मिळतात आणि तिसरी कड उभी वर जाते. इलेक्ट्रॉनची वाट जमिनीच्या एका कडेनं, चुंबकीय क्षेत्र दुसऱ्या कडेनं, आणि बल उभ्या कडेनं. शाळेत डाव्या हाताची तीन बोटं एकमेकांना काटकोनात धरायला लावतात, तो फ्लेमिंगचा नियम हाच कोपरा हातावर उभा करतो: तर्जनी क्षेत्राची, मधलं बोट विद्युतधारेचं, अंगठा बलाचा. इलेक्ट्रॉन ऋणप्रभारी असल्यामुळे धारेची दिशा त्याच्या वाटेच्या उलट धरायची. मुलं इथे चुकतात आणि मग अंगठा उलटीकडे जातो.

या बलाच्या अटी साध्या आहेत, पण रोजच्या अनुभवात बसत नाहीत. इलेक्ट्रॉन जागच्या जागी असेल तर चुंबक त्याला स्पर्शही करत नाही. तो हलला तरच बल. जितका वेगानं हलेल तितकं जास्त. आणि हलतानाही तो क्षेत्राच्या रेषेवरूनच सरळ निघाला तर पुन्हा काही नाही. रेषा आडवी छेदत गेला तरच पूर्ण जोर लागतो. प्रभार, वेग आणि चुंबकीय क्षेत्र यांचा गुणाकार म्हणजे हे बल, आणि वाट तिरकी असेल तर वेगाचा जेवढा भाग क्षेत्राला आडवा पडतो तेवढाच हिशेबात धरायचा. विद्युतक्षेत्राचं बल याच्याशी जोडलं की दोन्ही मिळून लॉरेंट्झ बल होतं. हेंड्रिक लॉरेंट्झ या डच शास्त्रज्ञानं ते १८९५ च्या सुमारास आजच्या रूपात मांडलं. त्याच्या सहा वर्षं आधी इंग्लंडच्या ऑलिव्हर हेविसाइडनं चुंबकीय भाग बरोबर काढून ठेवला होता, आणि नाव मात्र लॉरेंट्झचं लागलं याची मला थोडी हळहळ वाटते. इलेक्ट्रॉन सापडला तोही याच वळणातून: १८९७ मध्ये जे. जे. थॉमसननं निर्वात नळीतली धार चुंबकानं आणि विद्युतक्षेत्रानं वळवली, ती किती वळते ते मोजलं आणि कणाच्या प्रभाराचं वस्तुमानाशी असलेलं गुणोत्तर काढलं.

टीव्हीच्या गळ्याभोवती तांब्याच्या तारेची वेटोळी बसवलेली असत, तीही हेच करत. आपल्याकडच्या टीव्हीत एका चित्राला ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे धार सेकंदाला १५,६२५ वेळा या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवायची. हे फिरवणं त्या वेटोळ्यांच्या चुंबकीय क्षेत्राचं काम. मामाच्या टीव्हीत माझ्या चुंबकानं त्या शिस्तीत नुसती ढवळाढवळ केली होती.

आता यातली खरी विलक्षण गोष्ट. हे बल कायम वाटेला आडवं असतं. पुढून नाही, मागून नाही, फक्त बाजूनं. म्हणून ते कणाचा वेग वाढवूही शकत नाही आणि कमीही करू शकत नाही. फक्त वळवतं.

भोर घाटातून जाताना हे अंगावर समजतं. पळसदरीनंतर गाडी चढणीला लागते आणि वळणांमागून वळणं सुरू होतात. वळणावर बाहेरचा रूळ चाकाच्या कडेला आतल्या बाजूला दाबतो, खिडकीत बसलेल्याचा खांदा दांडीला लागतो. गाडीला वळवतो तो हा रुळाचा दाब. पण रुळानं कितीही दाबलं तरी गाडी त्यानं पुढे जात नाही, पुढे नेणं हे इंजिनाचं काम. (प्रत्यक्ष रुळाला घर्षण असतं, ते इथे बाजूला ठेवू.) चुंबकीय क्षेत्र म्हणजे हलत्या प्रभारासाठी सगळीकडे, प्रत्येक बिंदूवर अंथरलेलं वळण. सतत एकाच मापात वळत राहिलं की वाट स्वतःलाच येऊन मिळते, म्हणजे वर्तुळ होतं. आपल्या भागात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सुमारे ४० मायक्रोटेस्ला आहे. घरातल्या फ्रिजवर चिकटणाऱ्या चुंबकापुढे हे अगदीच क्षीण. तरी प्रकाशाच्या वेगाच्या एक शतांश वेगानं जाणारा इलेक्ट्रॉन या क्षेत्रात, निर्वात जागेत, आडवा सोडला तर तो सुमारे ४३ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढेल. लग्नघरातल्या मोठ्या परातीएवढं. एक फेरी एका मायक्रोसेकंदाच्याही आत पुरी होते. वेग दुप्पट केला तर वर्तुळही दुप्पट होतं, फेरीला लागणारा वेळ मात्र तोच राहतो. प्रकाशाच्या वेगाच्या फार जवळ गेल्यावर हे बिघडतं, पण इथवर ते चोख आहे, आणि सायक्लोट्रॉन नावाचं कणांना वेग देणारं यंत्र याच गोष्टीवर उभं राहिलं.

निर्वातात एकट्यानं धावणारा इलेक्ट्रॉन ठीक आहे. पण लोकल काही निर्वातात धावत नाही. तारेतल्या इलेक्ट्रॉनांचं काय?

तारेत ते धावत नाहीत, रांगतात. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर धारा जात असेल, तर इलेक्ट्रॉनांचा घोळका सेकंदाला मिलिमीटरच्या सुमारे सात शतांश इतकाच पुढे सरकतो. तासाभरात एक वीतभर, फार तर थोडं जास्त. बटण दाबल्याबरोबर दिवा लागतो तो घोळका दिव्यापर्यंत पोचला म्हणून लागत नाही. संपूर्ण तारेतला घोळका एकदम हलायला लागतो म्हणून लागतो. इतक्या मंद इलेक्ट्रॉनवर एक टेस्लाच्या दणदणीत क्षेत्रातही जे बल लागतं ते लिहायचं तर दशांशचिन्हापुढे बावीस शून्यं येतात. पण तारेच्या एका घन मिलिमीटरमध्ये असे इलेक्ट्रॉन किती? साडेआठ या आकड्यावर एकोणीस शून्यं, इतके. मीटरभर तारेतल्या सगळ्यांची ती नगण्य बलं एकत्र केली की बेरीज बरोबर एक न्यूटन भरते, म्हणजे हातात शंभर ग्रॅमचं वजन धरल्यावर जाणवतं तेवढी. हा हिशेब मी पहिल्यांदा कागदावर केला तेव्हा दोनदा तपासून पाहिला. इतक्या क्षुद्र गोष्टीला इतक्या प्रचंड संख्येनं गुणून हाताला जाणवेल असं काही निघावं, हे मला अजून नवल वाटतं. इलेक्ट्रॉन तार सोडून बाहेर पडू शकत नाहीत, म्हणून ते बाजूला रेटले गेले की तारेलाच रेटतात. मोटरमध्ये अशा तारांचे वेढेच्या वेढे असतात, एक अँपिअरच्या जागी शेकडो अँपिअर जातात, आणि डबे हलतात.

मध्य रेल्वेचा पूर्वावतार असलेल्या जीआयपी रेल्वेनं मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ ला देशातली पहिली विजेची गाडी चालवली आणि १९२९ मध्ये पुण्यापर्यंत तारा आल्या. १ जून १९३० ला दख्खनची राणी सुरू झाली ती विजेच्याच इंजिनावर. पुणे–लोणावळा लोकल १९७८ पासूनची. त्या काळच्या तारेत १,५०० व्होल्टची एकदिश वीज होती, आता २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती आहे. मोटरींची घडणही बदलली. पण चाक फिरवणारा जोर तोच, बाजूनं लागणारा.

इथे एक शंका मनात यायलाच हवी. चुंबकीय बल कुणाला ऊर्जा देत नाही, फक्त वळवतं, असं म्हटलं. मग घाटात सदतिसाला एक अशा चढावर गाडी ओढण्याचं काम केलं कुणी? कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लावून जी गाडी लोणावळ्याला चढते, तिला वर उचलणारी ऊर्जा आली कुठून?

उत्तर तारेच्या आत आहे. धारा वाहते तेव्हा इलेक्ट्रॉन तारेच्या लांबीनं सरकतात आणि चुंबकीय बल त्यांना आडवं रेटतं. तार आडवी हलते. पण तार हलली की तिच्यातले इलेक्ट्रॉनही तिच्याबरोबर आडवे जायला लागतात. म्हणजे त्यांना आता दोन हालचाली आहेत: लांबीनं सरकणं आणि तारेबरोबर आडवं जाणं. क्षेत्र या दुसऱ्या हालचालीलाही सोडत नाही. तिच्याही काटकोनात बल लावतं, आणि ते बल बरोबर लांबीच्या दिशेनं, धारेच्या विरुद्ध, मागे ढकलणारं येतं. एका हातानं तारेला पुढे रेटायचं आणि दुसऱ्या हातानं त्याच इलेक्ट्रॉनांना मागे लोटायचं. दोन्हींचा हिशेब केला तर जमा-खर्च शून्य. क्षेत्रानं स्वतःच्या पदरचं काहीच घातलेलं नसतं. ते मागे लोटणं मोडून इलेक्ट्रॉनांना पुढे रेटत राहावं लागतं, ते रेटतो वरच्या तारेतला व्होल्टेज, आणि ऊर्जा तिथून येते.

हे नुसतं कागदावरचं नाही. जुन्या एकदिश विजेच्या इंजिनांत चालक सुरुवातीला एकदम पूर्ण वीज मोटरला देत नसे. एकेक नॉच, म्हणजे पायरी, घेत जाई, आणि सुरुवातीच्या नॉचमध्ये वाटेत मोठाले रोधक जोडलेले असत. कारण गाडी उभी असताना तार हलत नाही, तार हलत नाही म्हणून मागे लोटणारं बल नाही, आणि ते नसलं की धारा बेसुमार वाढून मोटर जळते. गाडीनं वेग घेतला की मोटर आपणच आपला लगाम ओढते आणि रोधक काढून घेता येतात. आजची नवी इंजिनं उतारावर याचा दुसरा उपयोग करतात. लोणावळ्याहून खाली येताना चाकं मोटरीला फिरवतात, मागे लोटणारं बल वरच्या तारेतल्या रेट्याहून वरचढ होतं, धारा उलटी वाहते आणि वीज तारेत परत जाते. खाली उतरणारी गाडी वर चढणाऱ्या दुसऱ्या गाडीला हात देते.

मोटर उलटी चालवली की ती जनित्र होते, आणि जनित्राची मावळातली गोष्ट लोकलपेक्षा जुनी आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा पाऊस कोकणात सोडून वीज करायची, ही योजना जमशेदजी टाटांनी मनात धरली. ते १९०४ मध्ये गेले. पुढे दोराबजींच्या काळात, १९१० मध्ये कंपनी उभी राहिली, १९११ मध्ये लोणावळ्याजवळ वळवणच्या धरणाची पायाभरणी झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीहून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. पाणी खंडाळ्याच्या कड्यावरून मोठ्या नळांतून पाचशे मीटरहून खाली झेपावतं आणि पेल्टन चाकाच्या वाट्यांवर आदळतं. चाकाबरोबर चुंबक फिरतं, आणि भोवती बसवलेल्या तांब्याच्या वेढ्यांना त्याचं क्षेत्र छेदत जातं. तार फिरवली काय आणि चुंबक फिरवलं काय, तारेतल्या इलेक्ट्रॉनांच्या दृष्टीनं एकच. ते बाजूला रेटले जातात, आणि वेढा असा बसवलेला असतो की ते ‘बाजूला’ म्हणजेच तारेच्या लांबीनं. क्षेत्राचा एक ध्रुव गेला की दुसरा येतो, रेटा उलटतो. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे होते ती यामुळे.

पाणीही इथे वळवलेलंच आहे. इंद्रायणी लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याकडून निघून पूर्वेला, देहू-आळंदीकडे जाणारी नदी. तिच्या माथ्यावरचं पाणी धरणांत अडवून पश्चिमेला घाटाखाली सोडलं, की ते काम संपल्यावर पाताळगंगेत जातं. भिवपुरीच्या वीजघराचं पाणी उल्हासेत, भिऱ्याचं कुंडलिकेत. बंगालच्या उपसागराला जायचं पाणी अरबी समुद्राला मिळतं. पवन मावळाच्या दक्षिणेला याच विजेसाठी मुळशीचं धरण झालं, त्यात गावं पाण्याखाली गेली, आणि १९२१ मध्ये शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. वीज चुंबकानं नाही, पाण्याच्या पडण्यानं होते आणि पाण्याला साठायला कुणाची तरी जमीन लागते. मुळशी पेट्यातल्या माणसांनी दिलेली किंमत विजेच्या कुठल्याही हिशेबात मांडायलाच हवी.

आता बेडशाकडे परत येऊ. मामाकडचं ते चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी लेण्यांच्या पायऱ्यांखालच्या ओढ्यातल्या कोरड्या वाळूत फिरवतो. पिशवीवर काळी लव उगवते. बारीक, चमकदार, केसासारखी उभी राहणारी. पिशवी उलटी करून चुंबक काढून घेतलं की लव कागदावर झडते. हे मॅग्नेटाइटचे कण, लोहाच्या ऑक्साइडचे. ते आले डोंगरातून. आपला काळा पाषाण हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा थर आहे, आणि त्याच्यात हे कण सगळीकडे विखुरलेले आहेत. म्हणजे हा सारा सह्याद्री थोडा थोडा चुंबक आहे.

ही गोष्ट ज्यांना मनावर घ्यावी लागली ते होते नानाभाई मूस. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम यायच्या ठरल्या तेव्हा, वेधशाळेचे संचालक असलेल्या मूस यांच्या लक्षात आलं की ट्रामच्या धारांची क्षेत्रं या नाजूक मापांत मिसळणार. त्यांनी चुंबकीय विभाग अलिबागला हलवला. १९०४ पासून १९०६ पर्यंत दोन्हीकडे बरोबरीनं नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आणि नव्या मापांचा सांधा पक्का बसावा. ट्राम १९०७ मध्ये धावली. अलिबागची इमारत बांधताना लोखंडाचा खिळाही वापरला नाही, आणि दगड? अलिबागच्या आसपास काळा पाषाण पायलीनं मिळतो. पण तोच तर चुंबकीय. म्हणून पोरबंदरचा दगड तपासून, निवडून आणला. आपल्या घराभोवतीच्या दगडावर विश्वास ठेवता येत नाही हे ओळखून शेकडो मैलांवरचा दगड आणणारी ही माणसं मला फार थोर वाटतात. अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे.

कुलाब्याच्या जुन्या नोंदवह्यांतलं एक पान जगभर प्रसिद्ध आहे. १ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरच्या डागांचं चित्र काढत असताना त्याला तिथे एक प्रखर पांढरा उजेड दिसला. साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ थडकलं. जगात बऱ्याच ठिकाणी उपकरणांचे काटे मापाबाहेर गेले. कुलाब्याला मात्र माणसं हातानं नोंदी घेत बसली होती, आणि त्यांनी क्षितिजसमांतर क्षेत्रात सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची घसरण टिपली. आपल्याकडे ते क्षेत्र साधारण ३८,००० नॅनोटेस्ला असतं, म्हणजे शंभरात चार भाग एकदम गेले. सौर वादळांचा अभ्यास करणारे आजही त्या आकड्याकडे वळतात.

असं वादळ उठवणारे, सूर्यावरून येणारे कण म्हणजे हलते प्रभारच. एरवी सौरवारा सेकंदाला चारशेएक किलोमीटरच्या वेगानं येतो, चार-सव्वाचार दिवसांत पृथ्वीपाशी पोचतो, आणि इथल्या क्षेत्रात शिरला की बाजूला वळवला जातो. टीव्हीतल्या धारेसारखाच. मावळावर पसरलेलं हे क्षेत्र बरंचसं आडवं आहे, वरून येणारा प्रभार त्याला आडवा छेदतो, म्हणून विषुववृत्ताजवळच्या आपल्यासारख्या मुलखात आत घुसणं कणांना सर्वांत कठीण जातं. ध्रुवांपाशी रेषा जमिनीत उभ्या उतरतात, तिथे कण रेषेबरोबरच खाली येऊ शकतात, आणि ध्रुवीय प्रकाश दिसतो. पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेत घडवलेली ‘सूट’ ही दुर्बीण २ सप्टेंबर २०२३ ला आदित्य-एल१ यानाबरोबर गेली, ती या सगळ्याच्या उगमाकडे, सूर्याकडे नजर लावून आहे.

पण पृथ्वीला क्षेत्र आलं कुठून? आपल्या पायाखाली सुमारे २,९०० किलोमीटरवर वितळलेल्या लोखंडाचा थर सुरू होतो. तो उकळत्या आमटीसारखा वर-खाली ढवळत असतो. लोखंडात मोकळे इलेक्ट्रॉन आहेतच. धातू क्षेत्रातून हलला की ते बाजूला रेटले जातात, धारा वाहते, आणि ती धारा पुन्हा क्षेत्र टिकवते. खोपोलीच्या जनित्रातलंच काम, फक्त तारा नाहीत आणि वीजघर नाही. चाक फिरवायला पाण्याऐवजी पृथ्वीच्या पोटातली उष्णता आहे. हे ढवळणं एकसारखं नसतं, म्हणून क्षेत्र सावकाश बदलतं आणि अधूनमधून पार उलटतं. उत्तर दक्षिण होते.

साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा हजारावर अंश सेल्सियस तापमानाचा वाहत होता. एवढ्या उष्णतेत मॅग्नेटाइट चुंबक राहू शकत नाही. लाव्ह्याचा दगड झाला, आणि तो ५८० अंशांच्या खाली थंड होताना त्यातल्या कणांचं चुंबकत्व त्या वेळच्या क्षेत्राच्या दिशेला लागून तिथेच कायम झालं. १९५० च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सहस्रबुद्धे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनच्या दगडांतली ही दिशा मोजली. आपल्या या पट्ट्यातल्या बहुतेक थरांत ती आजच्या उत्तरेच्या जवळजवळ उलट आहे, आणि तिच्या कलावरून कळतं की तेव्हा ही जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. भारत उत्तरेला सरकत इथे आला, हे सांगणाऱ्या पुराव्यांत हा दगड आहे.

बेडशाच्या सुमारे चारशे पायऱ्या चढून गेलं की डोंगरात एक अरुंद बोळ लागतो, आणि त्यातून बाहेर आलं की एकदम चैत्यगृहाचे अजस्र अष्टकोनी खांब समोर उभे राहतात. माथ्यावर घोडे, हत्ती, बैल, त्यांवर बसलेली माणसं. लेणं पूर्वेला तोंड करून आहे, सकाळी ऊन थेट आत येतं. दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांनी हे केलं त्यांनी इथे दगड आणून रचला नाही. डोंगर जिथे होता तिथेच आतून काढत गेले आणि जे ठेवायचं ते ठेवलं. गावातल्या वाड्याच्या भिंतीत दगड खाणीतून येतो, घडवताना फिरतो, बसवताना आणखी फिरतो, आणि प्रत्येक चिऱ्यातले कण भलतीकडे तोंड करून बसतात. इथे तसं नाही. छिन्नीनं आजूबाजूचं सगळं नेलं, पण उरलेला दगड जागचा तसूभर हलला नाही. घोड्याच्या आयाळीतले, हत्तीच्या सोंडेतले, खांबाच्या पायाशी कोरलेल्या घटातले कण शेजारच्या अखंड कड्यातल्या कणांबरोबर आजही एकाच दिशेला आहेत, लाव्हा थंड झाला त्या दिवशीच्या उत्तरेकडे.